डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकावं का?

एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांनुसारच्या) डिझेलचा सीटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा, किमान 51 असतो, सल्फर 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10) आत. इंजिन याच डिझेलवर ट्यून केलेलं असतं. त्यामुळे ॲडिटिव्हची (डिझेलमध्ये मिसळायच्या रसायनाची) बाटली ओतून किंवा प्रीमियम डिझेल भरून पिकअप वाढेल, ही आशा सोडा. प्रीमियममधल्या डिटर्जंटचा उपयोग इंजेक्टरवर (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर) कार्बन साचू न देण्यापुरता.

इंजेक्टर साफ करणारं ॲडिटिव्ह, म्हणजे क्लीनर, कामाचा ठरतो तो जुन्या कॉमन-रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत, आयडलिंग खडबडीत झालं असेल तर. त्याआधी डिझेल फिल्टर तपासा. पाण्याचा दिवा लागला असेल तर इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात! मग टाकी पाव उरली असताना बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच क्लीनर ओता आणि लगेच टाकी भरा. डिझेलच्या धारेने क्लीनर नीट मिसळतो. दुप्पट ओतून दुप्पट सफाई होत नाही. गळणारा किंवा झिजलेला इंजेक्टर बाटलीने सुधारत नाही, तो वर्कशॉपमधल्या टेस्ट बेंचवर तपासावा लागतो.

रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायचे जुने नुस्खे नकोतच. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलच देतं. ते पातळ झालं की पंप घासतो आणि धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत जातो. ॲडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी वेगळी, ते डिझेलमध्ये कधीच नाही.

मायलेजमधला फरक मोजायचाच असेल तर एकाच पंपावर पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, टायरची हवा सारखी ठेवा, आणि साध्या व प्रीमियमच्या प्रत्येकी तीन टाक्यांच्या मायलेजची सरासरी काढा.