ऑटिझम असलेल्या मुलासाठी सगळं करून झालं, तरी फरक पडत नाही? या चुका टाळा

नागपुरात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना एक वाक्य सतत कानावर येतं, "मॅडम, सगळं करून पाहिलं." मग मी आधी एवढंच विचारते की घरी जे करता, ते शाळेत माहीत आहे का?

सहा वर्षांच्या एका मुलाला घरी पाणी मागायला स्टीलच्या पेल्याचं चित्रकार्ड दिलं होतं, शाळेत निळ्या बाटलीचं. घरी तो कार्ड आणून द्यायचा आणि शाळेत तहान लागली की बाक ढकलायचा. वहीत शेरा पडला, "हट्टी आहे." आईने पेल्याच्या कार्डाचा फोटो पाठवला, बाईंनी तसंच कार्ड वर्गात लावलं. तिसऱ्या दिवशी त्याने ते काढून बाईंच्या हातात ठेवलं. म्हणून कार्डांचा संच दोन्हीकडे एकच हवा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांतून बोलण्याचं अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही चालतं. फक्त ज्या फोनवर कार्टून लागतं, त्यावर ते टाकू नका. चित्रं दिली तर मूल बोलणारच नाही, ही भीतीही सोडा. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, उलट कित्येकदा शब्द फुटायला मदतच होते.

दुसरी चूक आपल्या उन्हाळ्यातली. एप्रिलमध्ये मूल एकाएकी चिडू लागलं की औषध बदलायला धावू नका, आधी कूलर बघा. त्याची घरघर, ओल्या खसचा वास, अंगावर येणारा झोत, यातलं काहीही त्याला असह्य होत असेल. जागा बदला, झोत वळवा, कानाला आवाज अडवणारे हेडफोन द्या. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या गजबजलेल्या मिरवणुकीचंही तेच. ती जिथून जाते त्या इतवारीकडे राहत असाल तर आदल्या दिवशीच चित्र दाखवून सांगा, आणि मूल नको म्हणालं तर नेऊ नका.

"याचे बाबाही उशिराच बोलले" म्हणत थांबणं सगळ्यात महाग पडतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता पाहणारी २० प्रश्नांची चाचणी आहे. ती निदान करत नाही, पुढे तपासणी हवी का एवढंच सांगते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत पाहतात. शाळेतल्या मुलांमधल्या दिव्यांगत्वाच्या खुणा टिपायला शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' अ‍ॅप आहे. पण त्यात खूण आली म्हणून पालकांना "याला ऑटिझम आहे" असं सांगून टाकू नका, निदान डॉक्टरांनाच करू द्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे ठप्पा, असं समजून टाळणारे पालक पाहिले की जीव तुटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरताना नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच लिहा. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि स्पीच थेरपिस्टला किंवा विशेष शिक्षकाला आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. "स्टेम सेलने बरा होईल" असं कुणी म्हणालं, तर पैसे भरायच्या आधी मुलाच्या डॉक्टरांना दाखवा.