निवृत्तीनंतर महिन्याला किती पुरतील? नाशिकच्या घराचा हिशेब

सातपूर-अंबडच्या कारखान्यातून ५८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या माणसाच्या खात्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून एकदम मोठी रक्कम जमा होते. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा आकडा पासबुकात दिसतो आणि 'झालं, आता निभेल' असं वाटतं. निभेल की नाही हे घरात महिन्याला किती जातात आणि ते किती वर्षं जाणार आहेत यावर ठरतं. म्हणून हिशेब खर्चापासून सुरू करायचा.

खर्च अंदाजाने लिहू नका. मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, फोनवरून केलेले पैसे त्यात दिसतीलच. रोख काढलेली रक्कम वेगळी लिहा. अंदाज चुकतो तो किराण्यात नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात चुकतो: विम्याचा हप्ता, घरपट्टी, मे महिन्यातली लग्नं आणि आहेर, इन्व्हर्टरची बॅटरी, दातांचं काम. सिडको किंवा इंदिरानगरमध्ये स्वतःचा फ्लॅट असलेल्या, कर्ज फिटलेल्या दोघांचा नमुन्याचा हिशेब असा बसतो. आकडे तुमचे घाला, रकाने हेच ठेवा.

दर महिन्याचे:
किराणा, दूध, भाजी, फळं: १४,०००
वीज, गॅस, फोन, इंटरनेट: ४,०००
सोसायटीचा मेंटेनन्स: २,५००
कामवाल्या ताई: ३,०००
पेट्रोल, रिक्षा: ३,०००
औषधं, तपासण्या: ४,०००
सण, आहेर, नातवंडं: ३,५००
कपडे, बाहेरचं खाणं, नाटक: ३,०००
बेरीज ३७,०००.

वर्षाचे:
आरोग्य विमा ६०,०००
घरपट्टी-पाणीपट्टी ८,०००
गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १५,०००
प्रवास ४०,०००
दुरुस्ती आणि जुन्या वस्तू बदलणं २१,०००
बेरीज १,४४,०००, म्हणजे महिन्याला १२,०००.

दोन्ही मिळून ४९,०००. भाड्याने राहत असाल तर भाडं यात वरून घाला, आणि ते दरवर्षी वाढेल असंच धरा.

नोकरीतल्या खर्चावरून हा आकडा काढताना काही गोष्टी वजा होतात आणि काही नव्याने येतात. पीएफची कपात, गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी थांबते. उलट कंपनीची बस आणि कॅन्टीन बंद होतं, दिवसभर माणूस घरी असल्याने वीजबिल वाढतं, आणि सगळ्यात महाग म्हणजे कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो.

या शेवटच्या गोष्टीची तयारी निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी करावी लागते. स्वतःची पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांसाठी, म्हणजे साखर, रक्तदाब वगैरे, कमाल ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. ५५ व्या वर्षी पॉलिसी सुरू केली तर ५८ ला तो काळ उलटलेला असतो. निवृत्त झाल्यावर घेतली तर ६१ पर्यंत नेमक्या त्याच आजारांचा खर्च खिशातून करावा लागतो. फॉर्ममध्ये साखर लपवू नका, क्लेम नाकारला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. वयाची ७० वर्षं पूर्ण झाली की उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ते नक्की काढा, पण योजनेतल्या रुग्णालयांतच ते चालतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करू नका. मोठ्या आजारात मुंबईला जायची वेळ आली तर विमा उपचाराचे पैसे देतो, सोबतच्या माणसाच्या राहण्या-जेवणाचे देत नाही. त्यासाठी दोन-तीन लाख वेगळे ठेवावेत.

आता ४९,००० हा आजचा खर्च. महागाई ६ टक्के धरली तर तो १२ वर्षांनी दुप्पट होतो, म्हणजे ७० व्या वर्षी हेच घर चालवायला ९८,००० लागतील. इथेच बहुतेक हिशेब फसतात, कारण निवृत्तीचं उत्पन्न बहुधा जिथल्या तिथे राहतं.

नमुन्याच्या घराचंच बघा. कारखान्यातून निवृत्त झालेल्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० आहे, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लावून हिशेब होतो. त्यामुळे ३० वर्षं नोकरी करूनही हातात महिन्याला साधारण ४,५०० धरावेत. त्याला महागाई भत्ता नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात. २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यात कमाल १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५०. तिन्हींची बेरीज ३४,२५०. नवी खाती कोणत्या दराने उघडतील हे सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून उघडण्याच्या दिवशीचा दर पोस्टात विचारा.

म्हणजे ४५ लाख गुंतवूनही पहिल्याच महिन्यात १४,७५० कमी पडतात, आणि १२ वर्षांनी हे ३४,२५० तेवढेच असताना खर्च ९८,००० ला पोचलेला असतो.

मग एकूण किती हवेत? नवरा ५८ चा, बायको ५४ ची असेल तर पैसा तिच्या नव्वदीपर्यंत, म्हणजे ३६ वर्षं पुरला पाहिजे. वर्षाच्या खर्चातून पेन्शन वजा करा: (४९,००० − ४,५००) × १२ = ५,३४,०००. कर जाऊन तुमचा पैसा महागाईपेक्षा जेमतेम १ टक्का जास्त कमावत असेल तर याच्या ३० पट लागतात, म्हणजे १ कोटी ६० लाख. २ टक्के जास्त मिळाले तर साधारण २५-२६ पट, १ कोटी ३६ लाखांच्या आसपास. नुसता महागाईइतकाच परतावा मिळाला तर पूर्ण ३६ पट. ६५ व्या वर्षी थांबणाऱ्याला आणि २५ वर्षांचाच हिशेब असणाऱ्याला अनुक्रमे २२, १९-२० आणि २५ पट. जमा रकमेतून वर्षाला ४ टक्के काढण्याचा जो नियम सगळीकडे सांगतात तो अमेरिकेच्या आकड्यांवर, ३० वर्षांसाठी बसवलेला आहे. इथे साडेतीनच्या वर जाऊ नये असं आमचं मत आहे.

उत्पन्नाच्या भाषेत सांगायचं तर खर्च ४९,००० असेल तर पहिल्या वर्षी ६१,००० च्या आसपास, म्हणजे सव्वापट उत्पन्न आलं पाहिजे. वरचे १२,००० खर्चायचे नाहीत. पहिली आठ-दहा वर्षं ते परत गुंतवायचे आणि नंतरची महागाई त्यातून भागवायची. पहिल्या वर्षापासून सगळं व्याज खाल्लं तर मुद्दल कागदावर तेवढीच दिसते, पण तिची खरेदीशक्ती दरवर्षी घटत जाते.

पैसे ठेवायचे कुठे? दोन-तीन वर्षांचा खर्च बँकेच्या मुदत ठेवींत, तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच ठेव मोडता येते. त्यानंतर वरच्या दोन सरकारी योजना. उरलेल्यातला काही भाग, सोसवेल तेवढा, इंडेक्स फंडासारख्या, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या, साध्या इक्विटी फंडात, निदान सात वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. वाढत्या खर्चाला धावून येणारा भाग हाच.

ज्येष्ठ नागरिक योजनेला ६० वर्षं लागतात, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. ही तीन महिन्यांची मुदत अनेकजण पैसे बचत खात्यात ठेवून घालवतात. पहिल्या वर्षाच्या आत खातं बंद केलं तर मिळालेलं व्याजही परत कापून घेतात, त्यामुळे मुलीच्या लग्नाचे किंवा घराच्या रंगाचे पैसे यात घालू नका.

जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि व्याज एक-दोन टक्के जास्त देतात. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षणच नाही. ओळखीचा संचालक आहे म्हणून निवृत्तीचा पैसा तिथे ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे.

भाड्याचं उत्पन्न धरायचं असेल तर वर्षाचे १० महिनेच धरा आणि त्यातून घरपट्टी, दुरुस्ती वजा करा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असेल तर सरासरी धरू नका. अवकाळी आणि गारपीट एका रात्रीत हंगाम नेते. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष धरा, किंवा बाग खंडाने दिली तर जी रक्कम येईल ती.

महापालिका, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा यांतून १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे आणि तिला महागाई भत्ता जोडलेला आहे, त्यामुळे त्यांना पटींचा हा हिशेब बराच सौम्य लागतो. त्यांनी बघायचं ते कुटुंब निवृत्तिवेतन: पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असते, जोडीदाराला पुढे ३० टक्केच मिळतात. ईपीएसमध्ये विधवेला साधारण निम्मी.

कर या पातळीवर फारसा आड येत नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. मात्र एका बँकेचं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर (६० पूर्ण होण्याआधी ५०,००० च्या वर) गेलं तर बँक टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आधी कर, कापते. कर लागणार नसेल तर दर एप्रिलमध्ये तसा फॉर्म भरून द्या.

कमी पडत असेल तर क्रमाने हे बघा. दोन-तीन वर्षं जास्त काम, अर्ध्या वेळेचं का होईना. त्याने जमा वाढते आणि खर्चाची वर्षंही घटतात. मग मोठं घर विकून लहान घेणं. प्रवास आणि आहेर सगळ्यात शेवटी कापा, कारण माणसं त्यांनीच बांधलेली राहतात. एसटीला ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट आहे आणि ७५ नंतर मोफत. मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला पैसे द्यायचे असतील तर ३० पटींचा हिशेब पूर्ण झाल्यावर जे उरतील त्यातूनच द्या, आणि जामीन राहू नका.

शेवटी हाच कागद एकट्या बायकोसाठी पुन्हा मांडा. एक माणूस गेला म्हणून खर्च निम्मा होत नाही. मेंटेनन्स, वीज, कामवाल्या ताई तशाच राहतात, म्हणून आजच्या खर्चाच्या ७० टक्के धरा, ४९,००० चे साधारण ३४,०००. पेन्शन घटल्यावर तेवढे येतात का ते बघा, प्रत्येक खात्यात तिचं नाव संयुक्त किंवा वारस म्हणून लागलंय का तपासा, आणि कुठलं खातं कुठल्या शाखेत आहे हे तिच्याच हाताने एका वहीत लिहून घ्या.