पहिली-दुसरीच्या वर्गाला गाणं शिकवताना

पहिल्या तासाला फळ्यावर ‘सा रे ग म’ लिहू नका. सहा-सात वर्षांचं मूल ती अक्षरं बाराखडीसारखी पाठ करून मोकळं होतं, सूर कानात शिरलेलाच नसतो. मी सुरुवात पायांपासून करते. संथ लयीत टाळी द्यायची आणि मुलांनी जागच्या जागी, मात्रेला, म्हणजे तालाच्या एकेका ठोक्याला, एक पाऊल टाकत चालायचं. आधी केरवा ताल, आठ मात्रा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पाय जोरात. जोर दर वेळी त्याच पायावर येतो, त्यामुळे हे लगेच जमतं. मग दादरा घ्या. सहा मात्रा, जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या. इथे वर्ग अडखळतो, हसतो आणि दोन तालांतला फरक न सांगता कळतो. हे जमलं की एखादी टाळी गाळायला सांगा. रिकाम्या मात्रेवर मुलं हमखास घाई करतात, तिथे थांबायला शिकणं म्हणजेच लय.

आता गळा. वर्ग बेसूर वाटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पट्टीचा, म्हणजे सा किती उंच धरला याचा असतो. मोठी माणसं स्वतःला सोयीची पट्टी धरतात आणि मुलं खर्जात गुरगुरतात, नाहीतर वरच्या सुरांना किंचाळतात. मी पेटीवर पांढरी दोनचा (सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरते आणि सा ते ध एवढ्यात फिरणारी गाणी निवडते. पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी: त्यांचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक, म्हणजे सात स्वरांचा एक पूर्ण टप्पा, खाली. काही मुलं तो वर उचलून घेतात, काही खालीच शोधत बसतात. अशा वेळी मुलांच्या सप्तकातला सूर पेटीवर द्या, किंवा सुरेल मुलीला ओळ म्हणायला लावून बाकीच्यांना तिच्यामागे गाऊ द्या. आणि ‘मोठ्याने म्हणा’ हे वाक्य वर्गाबाहेर ठेवून या. मानेच्या शिरा दिसायला लागल्या की ते गाणं राहिलेलं नसतं.

स्वरांची ओळख मी दोनच स्वरांनी करते, प आणि ग. मुलं एकमेकांना लांबून हाका मारतात त्यात हा उतार पुष्कळदा सापडतो. हजेरीच त्यात घ्या: तुम्ही नाव गा, मुलानं ‘आले’ म्हणून त्याच सुरांत उत्तर द्यायचं. प ला हात खांद्यापाशी, ग ला छातीपाशी. स्वरांसाठी हाताच्या खुणा इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी 19व्या शतकात रुळवल्या आणि पुढे हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीत त्या आल्या. त्या जशाच्या तशा घ्यायची गरज नाही. उंच सुराला हात वर, एवढं पुरे. मग ध, मग सा आणि रे. म आणि नी मी बऱ्याच उशिरा आणते.

सूर न लागणाऱ्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगणारे शिक्षक मला सहन होत नाहीत. त्या मुलाला घोळक्यात स्वतःचा आवाज ऐकूच येत नसतो. त्याला बाजूला घ्या, त्याला येईल तो कुठलाही सूर लावू द्या आणि *तुम्ही* त्याच्या सुराला जाऊन मिळा. दोन आवाज एक झाले की ते त्याला जाणवतं, चेहऱ्यावर दिसतंच. तिथून एकेक स्वर वर सरका. एका कानामागे हाताचा पंजा धरायला सांगितलं तरी मदत होते.

नवं गाणं आधी पूर्ण गाऊन दाखवा, मध्ये न थांबता, दोनदा. मग शब्द नुसते लयीत बोलून घ्या, मग ओळीमागून ओळ. दहा मिनिटांत गाणं बाजूला ठेवा, उरलेलं पुढच्या तासाला.

‘सा रे ग’ ही नावं मुलांना पाठ असलेल्या चालीवरच बसवा. आणि परीक्षा घ्यावीच लागली तर चौघाचौघांना एकत्र गायला लावा. एकट्याला उभं केलं की तुम्ही सूर तपासत नसता, धीटपणा तपासत असता.