ठेंगण्या हेवीवेटने उंच बॉक्सरला कसं गाठावं

माइक टायसन जेमतेम 5 फूट 10 इंच, टॉमी बर्न्स तर 5 फूट 7. दोघेही हेवीवेटचे जगज्जेते. उंची कमी असली तरी चालतं. चालत नाही ते एवढंच, की उंच प्रतिस्पर्ध्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पोचतो आणि आपला ठोसा पोचत नाही अशा टापूत रेंगाळणं. सगळा सराव तो टापू ओलांडण्यासाठी.

रिंगमध्ये एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी बांधा, आपल्या खांद्याच्या उंचीवर. मुठी गालांना, कोपरं बरगड्यांना. गुडघे वाकवून दोरीखालून डोकं डावीकडून उजवीकडे न्या, दर वेळी अर्धं पाऊल पुढे. 3 मिनिटांचे 3 राउंड, मध्ये 1 मिनिट विश्रांती. पहिले दोन राउंड हात चालवूच नका. तिसऱ्यात भार डाव्या पायावर आला की डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा), उजव्यावर आला की उजवा ठोसा.

हटकून चुकतं ते इथे: गुडघ्यांऐवजी कंबर वाकते. नजर जमिनीकडे जाते, डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे येतं आणि खालून आलेला अपरकट दिसतच नाही. वाकण्याची लय एकसारखी ठेवली तरी तेच. 1973 साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझर असाच डोलत आत शिरत होता. जॉर्ज फोरमनने त्याला हातांनी मागे ढकलून अंतर राखलं आणि दोन राउंडांत सहा वेळा खाली पाडलं. म्हणून दोनदा वाका, तिसऱ्यांदा थांबा; मग एकाच बाजूला दोनदा जा.

नंतर उंच जोडीदार घ्या. हेडगार्ड, माउथगार्ड, 16 औंसांचे ग्लोव्ह्ज. त्याने फक्त जॅब मारायचा. दोघंही उजवे असाल तर डोकं आपल्या उजवीकडे काढा, जॅब डाव्या खांद्यावरून जाऊ द्या, डावा पाय आत टाका. उजवा ठोसा बरगडीत, लगेच डावा हूक वर. एकच ठोसा मारून थांबलात तर तो मिठी मारून अंगावर रेलणार. कपाळ त्याच्या छातीशी, हात त्याच्या हातांच्या आत, तीन-चार ठोसे, मग बाजूला अर्धं पाऊल.

तो मागे सरकला तर मागोमाग धावू नका. तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूला आडवं पाऊल टाकून वाट अडवा. 2000 साली डेव्हिड टुआकडे भयंकर डावा हूक होता, पण 6 फूट 5 इंचांच्या लेनक्स लुईसची वाट त्याला अडवता आली नाही. 12 राउंडांनंतर तो गुणांवर हरला.

या शैलीत मांड्या आधी थकतात. गुडघे वाकेनासे झाले की कंबर वाकू लागते. त्या दिवसापुरता जोडीदाराबरोबरचा सराव तिथेच थांबवा.