स्टेम सेलवर काम करायचंय? आधी किडनी शिकून घ्या

किडनीची इजा आणि स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) या विषयात पीएचडी करू पाहणारी मुलं मला भेटली की पेशींबद्दलच विचारतात: कल्चर कसं करायचं, म्हणजे पेशी भांड्यात कशा वाढवायच्या, आणि कुठल्या पॅसेजच्या, म्हणजे कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या, पेशी वापरायच्या. ते लॅबमध्ये कुणीही शिकवतं. मी त्यांना आधी किडनीकडे वळवते.

उंदराच्या किडनीची रक्तवाहिनी क्लॅम्पने काही मिनिटं बंद ठेवायची आणि मग रक्त पुन्हा सोडायचं, हे किडनीच्या इजेचं आमचं रोजचं मॉडेल; मग स्टेम सेल देऊन किडनी सावरते का ते बघायचं. त्यात भूल दिलेला उंदीर जरासा गार पडला तरी इजाच कमी होते, आणि श्रेय पेशींना जातं. माद्यांच्या किडन्या नरांपेक्षा ही इजा जास्त सोसतात. म्हणून तापमान सतत मोजा आणि नर-मादी एकाच गटात मिसळू नका. किडनी बिघडली की रक्तात साचणाऱ्या नुसत्या क्रिएटिनिनवरही विसंबू नका, ते उशिरा वाढतं. किडनीतल्या बारीक नलिकांचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कुठला गट कुठला हे बघणाऱ्याला ठाऊक नसावं, यावर मी अडून बसते.

वाचन 2004 पासून सुरू करा. त्या वर्षी इटलीतल्या बेर्गामोच्या गटाने सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाने किडनी दुखावलेल्या उंदरांना अस्थिमज्जेतल्या मेझेन्कायमल पेशी (स्टेम सेलचाच एक प्रकार) दिल्या. किडनी सावरली, पेशी नलिकांमध्ये रुजल्याचंही त्यांनी लिहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या युटाच्या गटाला फायदा दिसला, पण नलिकेची पेशी झालेली एकही सापडली नाही. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी तर फुफ्फुसातच अडकतात! मग संरक्षण येतं कुठून? पेशींनी सोडलेल्या प्रथिनांतून आणि सूक्ष्म पुटिकांतून (इवल्या पिशव्यांतून), असं आज बहुतेकजण मानतात. त्यामुळे पेशी वाढवलेलं मीडियम (पोषक द्रव) पेशींशिवाय देऊन बघणारा गट प्रयोगात हवाच.

प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीचा अर्ज पहिल्या सत्रातच तयार करा, मंजुरीला वेळ लागतो.

आणि 2018 चा निकाल नक्की वाचा. हृदयशस्त्रक्रियेनंतर किडनी दुखावलेल्या 156 रुग्णांच्या चाचणीत या पेशींमुळे किडनी लवकर सुधारली नाही. तो वाचून मी विषय सोडला नाही. उंदरात जे दिसतं ते माणसात का दिसत नाही, हाच मला आता सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

तुम्ही या विषयात आहात हे कळलं की डायलिसिसवरच्या रुग्णांचे नातेवाईक फोन करतील. त्यांच्याशी शांतपणे, स्पष्ट बोला: किडनीसाठी स्टेम सेलचा उपचार आपल्याकडे मान्य नाही, तो मंजूर क्लिनिकल चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत सहभागी होण्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.