तापीकाठी पावसात मरळ धरताना

तापी किंवा गिरणेच्या काठी मरळ गळाला लावायची असेल, तर मुसळधार पावसाऐवजी रिमझिमीचा, ढगाळ दिवस निवडावा. ऊन नसल्यामुळे हा शिकारी मासा दिवसाही उथळ, गवताळ कडेला भक्ष्य शोधत फिरतो. पाणी गढूळ झाले की त्याला दूरचे दिसत नाही, म्हणून गांडूळ किंवा लहान मासा गवतालगत अगदी हळू सरकवावा. मरळ हवा घेण्यासाठी वर येते, ती जागा हेरून ठेवावी. मात्र पृष्ठभागावर लालसर पिलांचा थवा दिसल्यास तेथे गळ टाकूच नये, कारण खाली आईबाप राखण करत असतात आणि ते गेले की पिले फारशी वाचत नाहीत. तापीवरील हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी काही उघडले तरी खाली पाणी झपाट्याने चढते. अशा वेळी साहित्य तेथेच सोडून काठ गाठावा.