पदकामागची पत्रे कशी वाचावीत: लँग्ली पदकाच्या निमित्ताने

एखाद्या प्रतिष्ठित पदकाच्या नोंदीत विजेत्याचे नाव, वर्ष आणि कामगिरीचे एक वाक्य एवढेच सापडते. पदकामागचे मानापमान आणि हेवेदावे मात्र पत्रांत असतात, आणि ती पत्रे वाचण्याची एक रीत आहे. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन या वैज्ञानिक संस्थेचे लँग्ली पदक त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण विमानविद्येतील दुसऱ्या कोणत्याही सन्मानामागे इतका प्रदीर्घ आणि इतका कडवट पत्रव्यवहार असेल असे मला वाटत नाही.

पहिले काम तारखा वेगळ्या करण्याचे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या सूचनेवरून डिसेंबर १९०८ मध्ये हे पदक सुरू झाले, फेब्रुवारी १९०९ मध्ये ते विल्बर व ऑर्व्हिल राइट यांना देण्याचे ठरले आणि प्रत्यक्ष प्रदान १० फेब्रुवारी १९१० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाले. ‘पदकाचे वर्ष’ म्हणून यांपैकी कोणतेही छापलेले आढळते. पदकाची स्थापना, निवड आणि प्रदान यांसाठी तीन रकाने आखून प्रत्येक पत्र योग्य रकान्यात टाकले नाही, तर निवडीनंतर लिहिलेले अभिनंदनाचे पत्र आपण शिफारसपत्र म्हणून वाचून मोकळे होतो.

त्यानंतर पदकाच्या कितीतरी आधी मागे जावे. ३० मे १८९९ रोजी विल्बर यांनी आपल्या सायकल कंपनीच्या छापील कागदावर स्मिथसोनियनला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे वाङ्मय मागवले. त्यात आपण या विषयाचे वेडे असलो तरी विक्षिप्त नाही, असा खुलासाही केला. अशी पत्रे संस्थेकडे कशा कशा माणसांकडून येत असतील, याची त्यांना कल्पना असावी! साहाय्यक सचिव रिचर्ड रॅथबन यांनी अवघ्या तीन दिवसांत, २ जून रोजी, काही पुस्तिका आणि ग्रंथांची यादी पाठवली. त्या वेळी संस्थेचे सचिव, म्हणजे प्रमुख, सॅम्युएल लँग्ली होते. पुढे डिसेंबर १९०३ मध्ये, राइट बंधूंच्या यशस्वी उड्डाणाच्या नऊ दिवस आधी, लँग्लींचे ‘एरोड्रोम’ हे विमान दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळले. १९०६ मध्ये ते वारले. ज्यांचे विमान उडाले नाही त्यांच्या नावाचे पदक ज्यांचे उडाले त्यांना मिळाले, हा पेच मनात ठेवूनच पुढची पत्रे हाती घ्यावीत.

या पत्रव्यवहारातील सर्वांत मोलाचा धडा मात्र एका अवतरणात आहे. लँग्लींसारख्या मोठ्या वैज्ञानिकाचा मानवी उड्डाणावर विश्वास होता आणि सुरुवातीच्या काळात त्यांच्या संस्थेची मदत झाली, अशी कृतज्ञता राइट यांनी एका खासगी पत्रात व्यक्त केली होती. संस्थेच्या १९१० च्या वार्षिक अहवालात ती प्रदान प्रसंगाशी अशा रीतीने जोडली गेली की, हे उद्गार पदक स्वीकारताना काढले असावेत असाच वाचकाचा समज व्हावा. शब्द खरे असले तरी प्रसंग त्यांचा नव्हता. ऑर्व्हिल यांच्या पुढच्या तक्रारींत या गोष्टीचाही समावेश होता. म्हणून प्रत्येक अवतरणाचे टिपण करताना ते कोणी लिहिले, कोणाला, केव्हा, खासगीत की जाहीरपणे, आणि नंतर ते कोठे छापले गेले, ही पाचही उत्तरे त्याच कागदावर लिहावीत. माझ्या मते यांतील शेवटचे उत्तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि बहुतेक अभ्यासक नेमके तेच गाळतात.

पदकाच्या फाइलपुरते थांबणे हीसुद्धा चूक ठरते. प्रदानाच्या आसपासच्या महिन्यात तीच माणसे इतरांना काय लिहीत होती, हे शेजारी ठेवून पाहावे. उड्डाणाचे ज्येष्ठ अभ्यासक अभियंता ऑक्टाव्ह शनूट हे राइट बंधूंचे जुने स्नेही. विल्बर आणि त्यांच्यात १९०० पासून शेकडो पत्रे गेली-आली. जानेवारी १९१० मध्ये, राइट बंधूंच्या विमानाच्या पेटंटच्या खटल्यावरून वातावरण तापलेले असताना, शनूट यांनी २३ तारखेच्या पत्रात संपत्तीच्या हव्यासाने विल्बर यांची विवेकबुद्धी ढळल्याचे लिहिले. आपण शनूट यांचे शिष्य होतो असा जगाचा समज होऊ दिला गेल्याचे शल्य विल्बर यांनी २९ तारखेच्या उत्तरात बोलून दाखवले. त्यानंतर बाराच दिवसांनी पदक हाती आले. समारंभाचा वृत्तान्त या तारखांसह वाचला, की श्रेय कोणाचे आणि ऋण कोणाचे हा प्रश्न विल्बर यांना त्या दिवसांत किती बोचत असेल, हे ध्यानात येते. अशा जोडीच्या पत्रांत दोन्ही बाजू वाचणे अत्यावश्यक आहे. नुसते उत्तर वाचणारा वाचक नकळत उत्तर देणाऱ्याचा वकील होतो.

राइट बंधूंची कागदपत्रे प्रामुख्याने अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत आणि त्यांचा मोठा भाग संगणकावर पाहता येतो. छापील संपादित आवृत्ती शोधासाठी सोयीची असली, तरी ज्या वाक्यावर आपला निष्कर्ष उभा आहे ते मूळ पत्राच्या प्रतिमेशी ताडून पाहावे.

वाचन प्रदानापाशी न थांबवता वादाच्या शेवटापर्यंत न्यावे. १९१३ मध्ये हेच पदक राइट यांचे पेटंटमधील प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस यांना मिळाले. १९१४ मध्ये त्याच कर्टिस यांनी लँग्लींचे विमान बरेच फेरफार करून उडवले आणि संस्थेने ते माणसासह उडण्यास समर्थ असलेले जगातील पहिले विमान म्हणून मांडले. संतापलेल्या ऑर्व्हिल यांनी १९२८ मध्ये आपले मूळ विमान लंडनच्या सायन्स म्युझियमकडे पाठवले. ऑक्टोबर १९४२ मध्ये सचिव चार्ल्स अ‍ॅबट यांनी संस्थेच्या चुका छापील स्वरूपात मान्य केल्या. हे निवेदन आणि १९१० चा अहवाल समोरासमोर ठेवून ओळीने ताडावेत. आधीच्या दस्तऐवजातील कोणत्या विधानाला नंतरच्याने माघार घ्यायला लावली, हे समासात लिहीत जावे. डिसेंबर १९४३ मध्ये ऑर्व्हिल यांनी विमान परत आणण्याचा निर्णय लंडनला कळवला. १७ डिसेंबर १९४८ रोजी ते स्मिथसोनियनमध्ये समारंभपूर्वक मांडले गेले, तेव्हा ऑर्व्हिल यांच्या निधनाला साडेदहा महिने झाले होते.